एलादिओच्या खुर्चीवरची रोपं

एलादिओ यायचा तो दुपारीच. जेवणं झाली, निबियानं भांडी पाण्यात घातली, पडवीतल्या आरामखुर्चीत ओविदिओचे डोळे जड झाले, की अंगणाच्या फाटकाची बिजागरी कुरकुरायची. मान वर करून बघायचीही गरज नसे. पावलांवरूनच कळायचं. डावा पाय जरा फरफटत, उजवा नेटका. मग समोरच्या लव्हाळ्याच्या खुर्चीत तो टेकायचा, टोपी गुडघ्यावर ठेवायचा आणि म्हणायचा, "काय रे, पाणी तापलंय, का नुसताच घोरतोयस?"

"तापलंय. तुझ्यासारखं नुसतं बोलायला गरम नाही."

ओविदिओ काखेतला थर्मास काढायचा, तुंब्यातल्या येर्बाच्या, म्हणजे आमच्या कडू चहाच्या, पानावर हळूच पाणी सोडायचा, हिरवा फेस वर यायचा, आणि तो तुंबा नळीसकट भावापुढे धरायचा. त्या वेळी मागचं तळं अंगणापर्यंत आलेलं असायचं. गुडघाभर पाण्यात शेजाऱ्याच्या गाई उभ्या असायच्या आणि त्यांच्या पाठीवर टिटव्या बसलेल्या असायच्या, आणि ह्यात वावगं काही आहे असं दोघांनाही वाटायचं नाही. एलादिओ मरून दोन वर्षं झाली होती. ओविदिओला ते स्वप्नातही पक्कं ठाऊक असायचं. पण दारात आलेल्या माणसाला असं तोंडावर कोण बोलतं? मी तरी बोललो नसतो.

आता तुंब्याची एक गोष्ट सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे एक जण भरतो आणि बाकीचे आळीपाळीनं पितात. पिऊन झाला की तुंबा मुकाट्यानं भरणाऱ्याच्या हातात द्यायचा. तोंडातून 'ग्रासियास' काढायचं ते अगदी शेवटी, एकदाच. आभार मानलेत की तुमचं झालं, मग तुम्हाला कोणी विचारत नाही. मागे मॉन्टेविडिओहून ओविदिओच्या घरी एक परदेशी पाहुणा आला होता. बिचारा सभ्य माणूस! पहिल्याच घोटाला ग्रासियास म्हणाला आणि सगळी संध्याकाळ कोरड्या घशानं बसून राहिला.

एलादिओनं ग्रासियास म्हटलंच नव्हतं. त्या दिवशी फेरी अर्ध्यावर होती. "भरून ठेव, कोंबड्यांचं दार लावून आलो," म्हणून तो उठला आणि पितांग्याच्या झाडाखाली पडला तो पडलाच. ओविदिओनं भरलेला तुंबा त्याच्या हातातच गार झाला. डॉक्टर आला, पाद्री आला, शेजारी आले, तरी तो तुंबा त्यानं खाली ठेवला नव्हता. निबियानं एकेक बोट सोडवून तो काढून घेतला.

तेव्हा निबियाच्या बोटांना ते जमत होतं.

निबिया म्हणजे ओविदिओची बायको. तिच्या हातचे लोकरी मोजे गावातल्या निम्म्या कोळ्यांच्या पायांत आहेत, माझ्याही आहेत. गेली सहा-सात वर्षं तिच्या सांध्यांनी तिचा छळ मांडला होता. सकाळी मूठ उघडायलाच अर्धा तास लागायचा. औषधं झाली, इंजेक्शनं झाली. उतारा पडला तो फक्त एलादिओच्या मलमानं. एलादिओ गांजा लावायचा. घरी लावायची परवानगी देणारा कायदा आला तसा रीतसर नाव नोंदवून लावायचा, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आधीही वीस वर्षं लावतच होता. दरवर्षी आपल्याला आवडलेल्या झाडाचं बी धरत धरत त्यानं एक वाण जमवलं होतं. बुटकं, रुंद पानांचं, फुलोऱ्यात आलं की अंगणभर पिकल्या बिहीफळाचा वास. ती फुलं वाळवून चरबीत मंद आचेवर ठेवायची, गाळून मेण घालायचं, झालं मलम. ते चोळलं की तासाभरात निबियाची बोटं हलायला लागायची. ओविदिओनं इतरांच्या झाडांची मलमंही आणून पाहिली. हात सुन्न पडायचे, पण सुई काही धरता यायची नाही.

एलादिओच्या पश्चात बरणी होती, त्यामुळे दोन वर्षं निभावली. आता तिचा तळ दिसायला लागला होता. बोटभर मलम उरलं असेल. आणि एका काडेपेटीत सहा बिया. सहाच. बाकीच्या पिशवीला ओल लागून बुरशी आली होती. दोन वर्षं ओविदिओला त्या काडेपेटीला हात लावायचा धीर झाला नाही, आणि आता लावला नाही तर निबियाचे हात कायमचे मिटणार होते. एवढं सरळ होतं सगळं.

सप्टेंबर सरता सरता त्यानं बिया भिजवल्या. सहाच्या सहा फुटल्या! बाई रडली, बाप्यानं नाक शिंकरलं.

खरी भानगड पुढेच सुरू झाली. रोपं लावायची कशात? ओविदिओ मातीतला माणूस. पण गावात वाल्किरिया आहे. ओविदिओच्या वर्गातली, चाळीस वर्षं सुईणपण केलेली आणि आता गांजा लावणाऱ्यांच्या क्लबाची सर्वेसर्वा. तिनं नारळाच्या काथ्याची एक दाबलेली वीट आणून टेबलावर आपटली. "माती विसर. ह्यात लाव. मुळांना हवा मिळते."

"चटईत झाड लावू?" ओविदिओ म्हणाला.

"लाव. चटईला तुझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे."

शेवटी तडजोड झाली. तीन काथ्यात, तीन मातीत. काथ्यातली स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. मातीतली तीन पत्र्याच्या डब्यांत, आणि ते डबे पडवीत, एलादिओच्या लव्हाळ्याच्या खुर्चीवर. सकाळचं ऊन तिथंच येतं आणि वारा लागत नाही. शिवाय ओविदिओ म्हणाला, त्याची खुर्ची रिकामी तर राहणार नाही.

सहा आठवडे झाले तरी रोपं बोटभरच. काथ्यातल्या दोघांची पानं टोकांना तपकिरी झाली, मग कुरकुरीत झाली, मग गेली. तिसरं जिवंत होतं पण रंग कसा, तर पाण्यात बुडवून काढलेल्या वर्तमानपत्रासारखा. आणि मातीतली तीन? त्यांनी माना टाकल्या होत्या. ओविदिओ सकाळी त्यांच्यापुढे उकिडवा बसायचा. कधी वाऱ्याला दोष द्यायचा, कधी चंद्राला, तर कधी शेजारणीच्या नजरेला. जीव नुसता टांगणीला लागला होता. बाकी सगळा दिवस तसाच काळजीत जायचा आणि दुपारी एलादिओ यायचा तेव्हाच तेवढा तो हसायचा. गंमत म्हणजे, स्वप्नात तो भावाला रोपांबद्दल एक अक्षर बोलायचा नाही. लाज वाटायची. त्याच्या वीस वर्षांच्या मेहनतीचं आपण काय केलं हे कोणत्या तोंडानं सांगणार?

शेवटी मानपान गुंडाळून त्यानं वाल्किरियाला बोलावलं.

ती आली ती थेट खिडकीशी. चष्मा कपाळावर ढकलून तिनं काथ्यातलं रोप नाकाजवळ धरलं. "ह्याला खायला काय घालतोस?"

"पावसाचं पाणी. स्वच्छ."

"आणि?"

"आणि काय? पाणी."

"अरे माणसा, काथ्यात काही नसतं! ती नुसती रिकामी खाट आहे. तू बाळाला खाटेवर निजवलंस आणि दूध द्यायला विसरलास. सहा आठवडे!" तिनं चिमटीत काथ्या घेऊन जिभेला लावला आणि पचकन थुंकली. "आणि खारट. वीट धुतलीस का? नाही धुतलीस. पाकिटावर एवढ्या ठळक अक्षरांत लिहिलंय."

"चष्मा नव्हता जवळ."

"चष्मा तुझ्या नाकावर होता, मी पाहिलाय. ती दोन मिठानं मारलीस, हे एक उपासानं मारतोयस." पण बोलता बोलता तिचे हात चालूच होते. कोमट पाणी धारेनं ओतून तिनं काथ्यातला खारटपणा काढला, पिशवीतून खताची बाटली काढली, बादलीभर पाण्यात एक झाकण मिसळलं. "रोज थोडं. जास्त नाही. आठवड्यानं बघ."

मग ती पडवीत आली. खुर्चीपुढे उभी राहिली आणि गप्प झाली. वाल्किरिया गप्प राहिली म्हणजे बाळ आडवं आलंय, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे.

तिनं एक डबा उचलला. "शिसं भरलंय का ह्यात? पाण्यानं जड झालाय." डब्यातून बारीक काळी चिलटं उठली. तिनं पहिल्या रोपाला बोट लावलं मात्र, ते बुडाशी दोऱ्याएवढं झालेलं रोप आडवं झालं. "मर लागलीय," ती म्हणाली. मग तिनं नखानं वरची माती खरवडली आणि हात ओविदिओच्या पुढे केला. बोटावर हिरवा लगदा होता. "हे काय आहे?"

ओविदिओनं वास घेतला. त्याला वासाची काय गरज, तो जन्मापासून तेच पितोय. "येर्बा."

"येर्बा! तुंब्यातला गाळ. तोही गरम पाण्यासकट, मुळं शिजली आहेत. सगळ्या देशातल्या बायका आपल्या हायड्रेंजियांवर हेच ओततात आणि वर म्हणतात, वाढत का नाही. कोण ओततंय?"

"मी नाही," ओविदिओ म्हणाला. "मेलेल्या आईची शपथ. मी तुंबा कोंबड्यांच्या खड्ड्यातच झाडतो."

"मग भूत ओततंय," वाल्किरिया म्हणाली. तिनं उरलेल्या दोन डब्यांतला गाळ काढला, वर समुद्राची धुतलेली पांढरी वाळू अंथरली, चिलटं वाळूत अंडी घालत नाहीत म्हणून. "डबा हातात घेऊन हलका लागेपर्यंत पाणी नाही. समजलं? हलका लागेपर्यंत. आणि दोन्हीकडची मिळून आता तीन उरली. त्यांतले नर किती निघतील देव जाणे, नराला मलमाची फुलं येत नाहीत. एक जरी गेलं तरी मला बोलावू नकोस, मी रडेन."

ती गेल्यावर ओविदिओ आत गेला. निबिया चुलीपाशी बसून बिहीफळाच्या वडीचा डबा उघडायच्या प्रयत्नात होती.

"पडवीतल्या डब्यांत येर्बा तू टाकतेस?"

निबियाचे हात थांबले. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हो. मीच."

"का?"

"सवय. आईच्या घरी टाकायचो."

ओविदिओचा पारा चढला. घरात सहसा आवाज चढवत नाही तो, पण त्या दिवशी चढवला. तुझ्याच हातांचं औषध, म्हणाला. माझ्या भावाचं नाव, म्हणाला. इतकी वर्षं अक्कल कुठं गहाण टाकली होतीस, असंही म्हणाला, आणि हे बोलायला नको होतं. निबियानं ऐकून घेतलं आणि डबा त्याच्यापुढे सरकवला. "एवढा उघडून दे."

त्यानं उघडून दिला. तावातावात उघडून दिला. जिला वडीचा डबा उघडता येत नाही ती दोन लिटरचा थर्मास कशी उचलेल, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. रागाच्या वेळी असलं काही सुचतं का कोणाला? मलाही सुचलं नसतं.

दोन दिवसांनी निबिया सकाळच्या बसनं डॉक्टरकडे रोचाला गेली. बहीण बरोबर होती, संध्याकाळशिवाय परतणार नव्हत्या. ओविदिओनं एकट्यानं भाताबरोबर तळलेला मासा खाल्ला, थर्मास भरला, दोन्ही डबे उचलून पाहिले. जरा हलके लागले. वाळू पांढरीशुभ्र होती. बरं वाटलं त्याला. तो आरामखुर्चीत टेकला.

फाटक कुरकुरलं. एलादिओ आला, टोपी गुडघ्यावर ठेवली. आज तळ्यातल्या गाई जरा जवळ आल्या होत्या, त्यांच्या श्वासाची वाफ दिसत होती. एलादिओनं लहानपणीची गोष्ट काढली, बाबांच्या घोड्यावरून दोघं कसे एकदम पडले आणि घोडा मागे वळून कसा बघत राहिला. ओविदिओला इतकं हसू आलं की तुंबा भरताना हात हलला. चार वेळा भरला. पाचव्यांदा भरला. एलादिओनं तो घेतला आणि परत दिला, नेहमीसारखा, काही न बोलता.

जाग आली तेव्हा तो उभा होता.

अनवाणी, खुर्चीपुढे. काखेत थर्मास, अर्धा रिकामा. हातात तुंबा, तोंड खाली. आणि डब्यातल्या पांढऱ्या वाळूवर हिरवा ढीग, त्यातून अजून वाफ निघत होती. त्याखाली एक रोप दबून मेलं होतं. दुसऱ्याच्या पानावर दोन-चार हिरवे कण चिकटले होते, बाकी ते वाचलं होतं.

घरात चिटपाखरू नव्हतं. वाल्किरिया म्हणाली होती ते भूत कोण, ते ओविदिओला उभ्या उभ्या कळलं. तो तिथंच पायरीवर बसला आणि चोळामोळा झालेलं रोप तळहातावर घेऊन रडला. किती वेळ रडला कोण जाणे. तळं आपल्या जागी परत गेलं होतं, अंगणात कोंबड्या तेवढ्या होत्या.

निबिया संध्याकाळी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिला सगळं दिसलं.

"तुला माहीत होतं," ओविदिओ म्हणाला.

"होतं." ती त्याच्या शेजारी बसली. "डबे खुर्चीवर ठेवले त्या पहिल्या आठवड्यापासून. तू उठतोस, डोळे मिटलेले, त्याच्या खुर्चीपुढे बसतोस. भरतोस, धरतोस, थांबतोस, ओततोस. बोलतोस. मग परत जाऊन टेकतोस, आणि मी त्या गाळावर माती ओढते."

"मग अंगावर घेतलंस कशाला? मी तुला नको नको ते बोललो."

"बोललास. ते मी विसरणार नाहीये, काळजी करू नकोस."

"उठवायचं मला! डबे हलवायचे!"

"हलवले की. एकदा खिडकीत नेऊन ठेवले. तू आलास, खुर्ची चाचपलीस, सापडेना. मग अंगणभर हिंडलास, म्हाताऱ्या, डोळे मिटून, तुंबा धरून. 'एलादिओ, भरलाय रे, एलादिओ, भरलाय.' विहिरीच्या काठापर्यंत गेलास. मी डबे आणून परत ठेवले." तिनं पिशवी जवळ ओढली. "आणि तू हसायचास. दोन वर्षं ह्या घरात कोणी हसलं नव्हतं. मी दाराआडून ऐकायची. म्हटलं, रोपं गेली तर गेली."

"आणि तुझे हात?"

"दुखताहेतच. अजून दुखतील."

ओविदिओनं ते हात आपल्या हातांत घेतले. बायकोचे हात एकीकडे आणि मेलेला भाऊ दुसरीकडे, आणि दोन्ही आपणच धरून बसलोय. "मी झोपतच नाही दुपारचा," तो शेवटी म्हणाला.

"तू? चौऱ्याहत्तर वर्षांत एक दुपार तरी जागा राहिलास का? लग्नाच्या दिवशीही घोरत होतास." निबिया उठली. "आता दोन रोपं उरलीत. ते माझ्यावर सोड."

तिनं काय केलं ते तिनं सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. विचारायची भीती वाटली असावी. दुपार झाली की झोप यायचीच, एलादिओही यायचा. जाग आली की ओविदिओ आधी धावत खुर्चीकडे. वाळू कोरडी, पांढरी.

"आज उठलो होतो?"

"उठला होतास."

"मग?"

"मग काही नाही. रोपावर थेंब पडला नाही."

डबा हलका झाला, मग त्यानं मोजून एक वाटी पाणी घातलं, मग तो पुन्हा हलका झाला. चिलटं कमी झाली. काथ्यातल्या रोपाला वाल्किरियाचं खतपाणी मानवलं, आठवड्यात त्यानं हिरवा रंग धरला आणि मग असं काही सुटलं की ओविदिओला त्याचा हेवा वाटला. मातीतलं मात्र नुसतं उभं होतं. ना वाढत होतं, ना मरत होतं. बाराव्या दिवशी सकाळी त्याच्या शेंड्यात एक इवलीशी नवी जोडी दिसली. एलादिओच्या वाणाची ती रुंद पानं, काठाला दातेरी, अजून घडी न मोडलेली. ओविदिओनं निबियाला ओढत आणून दाखवलं.

त्या दुपारी फाटक कुरकुरलं नाही. एलादिओ आधीच येऊन बसलेला होता. तळ्याचं पाणी पडवीच्या पहिल्या पायरीला लागलं होतं, अगदी संथ. गाई निजल्या होत्या.

"माझं झाड कसं आहे?" एलादिओनं विचारलं. इतक्या दुपारींत पहिल्यांदाच.

ह्या खेपेला ओविदिओनं सांगून टाकलं. सहातली चार मी मारली. दोन मिठानं, दोन तुझ्याशी गप्पा मारता मारता. दोन आहेत. आज पानं फुटली. निबियाचे हात फार दुखतात रे, एलादिओ.

"हं," एलादिओ म्हणाला. "भर."

ओविदिओनं भरला. इतका सुरेख कधी भरला नसेल, फेस काठाबरोबर. एलादिओनं तो दोन्ही हातांत धरला, सावकाश प्याला, नळीचा सुर्र आवाज होईपर्यंत प्याला. मग तुंबा भावाच्या हातात दिला आणि त्याच्याकडे बघून म्हणाला, "ग्रासियास."

टोपी डोक्यावर ठेवली, उठला आणि पाण्यातून चालत गेला. पाय फरफटत नव्हता.

"थांब," ओविदिओ म्हणाला, आणि त्याच आवाजानं जागा झाला.

तो आरामखुर्चीच्या कडेला बसला होता, पुढे वाकून, हातात रिकामा तुंबा. आणि समोर लव्हाळ्याच्या खुर्चीत निबिया बसली होती. मांडीवर पत्र्याचा डबा, डब्यात रोप, आणि तिची वाकडी बोटं अजून हवेत, आत्ताच तुंबा परत दिल्यासारखी. ओठ लाल झाले होते.

आणि मग त्याला सगळं कळलं. बारा दुपारी ही एलादिओच्या जागेवर बसली. बारा दुपारी ही कडू जहर पीत राहिली. निबियाच्या माहेरी गोड पितात, साखर घालून, संत्र्याची साल घालून. लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा दोघा भावांनी तिची कोण टिंगल केली होती! साखर म्हणजे तुंब्याचा खून, असं एलादिओ म्हणायचा आणि ओविदिओ मान डोलवायचा. तेव्हापासून ती आपली वेगळी, आत, एकटी प्यायची. एकोणपन्नास वर्षांत ओविदिओनं एकदाही तिच्यासाठी तुंबा भरला नव्हता. जागेपणी तरी नाही.

त्याचे डोळे भरून आले. "ग्रासियास म्हणालीस ना तू?" त्यानं विचारलं. "आत्ता?"

"मी?" निबियानं डबा जपून खाली ठेवला, पानांना धक्का न लावता. "मी कशाला म्हणेन? पहिल्या दिवशी जीभ पोळली तेव्हाही म्हटलं नाही."

"कोणीतरी म्हणालं."

"मग ज्याचं झालं असेल तो म्हणाला असेल." तिनं बोटं एकमेकांवर चोळली. "गरम तुंबा धरला की बरं वाटतं हातांना. भर अजून एक. माझं कुठं झालंय?"

ओविदिओनं थर्मास उचलला, पाणी सोडणार तेवढ्यात थांबला. तुंबा आणि थर्मास तिच्या शेजारी ठेवून तो उठला आणि साखरेचा डबा घरात कुठं असतो ते शोधायला आत गेला.